जुना रणगाडा पुन्हा कसा उभा करतात? सेंच्युरियन, 'फॅमागुस्टा' आणि इतिहास शोधण्याची पद्धत: संपूर्ण माहिती

एखाद्या चौकात, कॉलेजच्या आवारात किंवा स्मारकापाशी उभा असलेला रणगाडा तुम्ही नक्की पाहिला असेल. बहुतेक जण तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. पण हाच रणगाडा कोणत्या रेजिमेंटचा होता, कुठे लढला, आत कोण बसलं होतं, असं विचारलं तर उत्तर क्वचितच मिळतं. याचं एक मोठं कारण आहे रंग. दरवेळी नवा हिरवा रंग मारताना जुने नंबर आणि खुणा घासून काढल्या, की त्या रणगाड्याची ओळखही त्यांच्यासोबत जाते.

म्हणून जुनं लष्करी वाहन रिस्टोअर करणं म्हणजे फक्त गंज काढून इंजिन चालू करणं नाही. तो रणगाडा नेमका कोणता, हे सिद्ध करणं हे त्यातलं अर्धं काम आहे. या लेखात आपण हे दोन्ही भाग बघणार आहोत, आणि उदाहरण घेणार आहोत पुण्याशी थेट नातं असलेल्या एका रणगाड्याचं.

'फॅमागुस्टा' हा रणगाडा कोणता?

'फॅमागुस्टा' हे सायप्रस देशातल्या एका बंदराचं नाव आहे. हेच नाव पूना हॉर्स या रेजिमेंटच्या एका सेंच्युरियन रणगाड्याला दिलेलं होतं. त्याचा नंबर जेएक्स २०२.

पूना हॉर्स ही भारतीय सैन्याची जुनी रेजिमेंट. तिची सुरुवात १८१७ साली पुण्यात घोडदळ म्हणून झाली. घोडे गेले, रणगाडे आले, पण नाव तेच राहिलं. या रेजिमेंटला दोन परमवीर चक्रं मिळाली आहेत:

- लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर: १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात रेजिमेंटचं नेतृत्व करताना १६ सप्टेंबर १९६५ रोजी शहीद झाले. त्यांचं शालेय शिक्षण पुण्यात झालं होतं.
- सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल: जन्म १४ ऑक्टोबर १९५०, पुणे. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये शिकले. १३ जून १९७१ रोजी सैन्यात अधिकारी झाले आणि सहा महिन्यांतच युद्धावर गेले.

डिसेंबर १९७१ मध्ये शकरगढ भागात बसंतर नदीपाशी मोठी लढाई झाली. १६ डिसेंबरला जरपाल गावाजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला. खेत्रपाल यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली, त्यांना मागे येण्याचा आदेश मिळाला. पण तोफ अजून चालू आहे म्हणून ते मागे हटले नाहीत. सन्मानपत्रातल्या नोंदीनुसार त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यातले चार एकट्या खेत्रपाल यांनी टिपले होते. दुसरा गोळा लागला तेव्हा ते शहीद झाले. वय फक्त २१ वर्षं.

तो रणगाडा होता 'फॅमागुस्टा'. लढाईनंतर तो पाकिस्तानी सैन्याच्या हाती गेला, नंतर भारताला परत मिळाला. पुढे त्याची दुरुस्ती झाली आणि आज तो अहिल्यानगरच्या (जुनं नाव अहमदनगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

आता एक साधा विचार करा. सेंच्युरियन रणगाडे हजारोंच्या संख्येने बनले आणि बाहेरून ते सगळे जवळजवळ सारखेच दिसतात. त्यातला हाच 'तो' रणगाडा हे सांगणारं काय आहे? नाव, नंबर आणि लोखंडावरच्या खुणा. दुसऱ्याच एखाद्या रणगाड्यावर हे नाव रंगवलं असतं, तर लोकांनी त्यालाही तितक्याच श्रद्धेने सलाम केला असता. म्हणून पुराव्याला एवढं महत्त्व आहे.

सेंच्युरियन रणगाड्याची तांत्रिक माहिती

सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ला त्याच्या डिझाइनचं काम सुरू झालं, पण पहिले नमुने युरोपात पोहोचले मे १९४५ मध्ये, म्हणजे तिथलं युद्ध संपल्यावर.

- वजन: साधारण ५० ते ५२ टन
- चालक दल: ४ जण (कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर)
- इंजिन: रोल्स-रॉइस मीटिऑर, व्ही-१२, पेट्रोल, २७ लिटर, साधारण ६५० हॉर्सपॉवर
- वेग: रस्त्यावर ताशी साधारण ३५ किलोमीटर
- पल्ला: सुरुवातीच्या मॉडेल्सचा एका टाकीत रस्त्यावर जेमतेम १०० किलोमीटर
- चाकं: प्रत्येक बाजूला ६, दोन-दोनच्या तीन जोड्यांमध्ये
- इलेक्ट्रिकल सिस्टीम: २४ व्होल्ट

मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचाच भाऊ. विमानासाठी लागणारा सुपरचार्जर काढून टाकला आणि तेच डिझाइन रणगाड्यात बसवलं. त्यामुळे एका सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे १२ सिलिंडरना एकूण २४ स्पार्क प्लग! याशिवाय बॅटऱ्या चार्ज करायला आत मॉरिस कंपनीचं एक वेगळं छोटं इंजिनही असतं.

ट्रॅक कसे काम करतात?

५० टनांची वस्तू शेतात रुतत कशी नाही? उत्तर आहे ट्रॅक, म्हणजे लोखंडी कड्यांचा पट्टा. सेंच्युरियनचा एक ट्रॅक साधारण ६१ सेंटीमीटर रुंद असतो आणि त्याचा मोठा भाग एकाच वेळी जमिनीला टेकलेला असतो. वजन एवढ्या जागेवर वाटलं गेल्यामुळे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण ०.९ किलोच भार येतो. तुमच्या कारच्या टायरखाली हाच भार साधारण २ किलो असतो. म्हणजे चिखलात कार रुतेल तिथून रणगाडा निघून जातो.

ट्रॅकच्या कड्या पिनांनी जोडलेल्या असतात. मागच्या बाजूचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, हा पट्टा ओढतं. सेंच्युरियनच्या पिनांभोवती रबर नसतं, लोखंडावर लोखंड घासतं. त्यामुळे पिना झिजतात आणि पट्टा हळूहळू लांब होतो. सायकलची चेन सैल होते ना, अगदी तसंच. मग पट्टा ताणावा लागतो आणि तरी भागलं नाही तर एखादी कडी काढावी लागते.

रिस्टोरेशनचे तीन प्रकार

काम सुरू करण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: रणगाडा किती बदलायचा?

१. फक्त जपणूक: गंज थांबवायचा, पाणी आत जाऊ द्यायचं नाही, बाकी काहीही बदलायचं नाही.
२. दर्शनी दुरुस्ती: बाहेरून तो एका ठराविक काळात जसा होता तसा करायचा. इंजिन बंदच राहतं.
३. चालू स्थितीत आणणं: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग सगळं दुरुस्त करायचं. यात जुने पार्ट बदलावे लागतात, म्हणजे मूळ वस्तू थोडी कमी होते.

यातला कोणताच प्रकार सरसकट चूक किंवा बरोबर नाही. पण लढाईत लागलेल्या गोळ्याची खूण वेल्डिंगने भरून गुळगुळीत केली, की ती कधीच परत येत नाही. म्हणून प्रत्यक्ष युद्धात लढलेल्या वाहनासाठी नियम असा पाळतात: जे परत आणता येणार नाही ते काढायचं नाही.

रणगाडा रिस्टोअर कसा करतात? स्टेप बाय स्टेप

स्टेप १: आधी नोंद, मग पाना. एकही बोल्ट काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो, मापं आणि प्रत्येक नंबरची नोंद. काढलेला प्रत्येक पार्ट टॅग लावून ठेवायचा.

स्टेप २: सुरक्षितता. आत जिवंत दारूगोळा राहिलेला नाही, याची खात्री लष्कराच्या तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी लागते. जुन्या लष्करी वाहनांत आणखी तीन धोके असतात. एक, एक्झॉस्टभोवती गुंडाळलेलं ॲसबेस्टॉस. दोन, शिसं असलेला रंग, ज्याची धूळ श्वासातून गेली तर घातक. तीन, अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलवरचं रेडियम. म्हणून मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय आत उतरायचं नाही.

स्टेप ३: पाणी बाहेर काढणं. रणगाड्याचा खालचा भाग टबासारखा असतो. पावसाळ्यात इंजिनवरच्या जाळीतून पाणी आत जातं आणि तळाशी साचून राहतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यामुळे उघड्यावर उभे असलेले रणगाडे आधी खालून आणि आतून सडतात, वरून मात्र रंग ताजा दिसतो. तळाचे ड्रेन प्लग उघडे आहेत ना, हे बघणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम.

स्टेप ४: रंगाचे थर वाचणं. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा मारा करून, रंग झटपट निघतो. पण त्यासोबत खालचे जुने नंबरही जातात. म्हणून आधी छोट्याशा जागेवर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासतात. कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकेक थर दिसू लागतात: वरचा हिरवा, खाली वेगळा हिरवा, त्याखाली कदाचित पांढऱ्या अक्षरांचा तुकडा. नंबर सापडला तर त्याचा फोटो आणि माप घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत.

स्टेप ५: ट्रॅक आणि चाकं. गंजलेल्या पिनांना पेनिट्रेटिंग ऑइल लावून दिवसेंदिवस ठेवतात, गरज पडली तर गरम करतात आणि मग घणाने ठोकून काढतात. चाकांवरचं रबर उन्हाने तडकलेलं असतं. रणगाडा कायम उभाच राहणार असेल तर त्याला खालून आधार देतात, म्हणजे सगळा भार चाकांवर येत नाही.

स्टेप ६: इंजिन. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारायचा नाही. पिस्टन चिकटलेले असतील तर आतलं काहीतरी तुटेल. आधी सगळे प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडतात, काही दिवस थांबतात आणि मग हाताने हळूहळू फिरवून बघतात. प्लगच्या भोकातून छोटा एंडोस्कोप कॅमेरा आत घालून सिलिंडरची भिंत तपासतात. असे कॅमेरे आता मोबाइलला जोडता येतात. इंजिन फिरलं, तरच पुढे मॅग्नेटो, कार्बोरेटर, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग.

स्टेप ७: शेवटचा रंग आणि खुणा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. छान दिसतं म्हणून कुठलंही चिन्ह रंगवणं सोपं असतं. पण पुरावा नसेल तर ती जागा कोरी ठेवणंच योग्य.

रणगाड्याचा इतिहास कसा शोधतात?

रणगाड्यावर तीन प्रकारची माहिती असते.

नंबर: रजिस्ट्रेशन नंबर बाहेर रंगवलेला असतो, तो बदलू शकतो. पण बॉडीवर ठोकलेला क्रमांक, बुरुजाच्या ओतीव लोखंडावरची अक्षरं आणि तोफेच्या मागच्या भागावरचा क्रमांक सहसा टिकतात. हे तिन्ही वेगवेगळ्या रणगाड्यांचे निघाले, तर दुरुस्तीत पार्ट बदलले गेलेत असं समजायचं.

चिन्हं: ब्रिटिश परंपरेत बुरुजावरच्या आकारावरून स्क्वॉड्रन कळतो. चौकट म्हणजे पत्त्यातल्या चौकटचा आकार मुख्यालयासाठी, त्रिकोण 'ए', चौरस 'बी' आणि वर्तुळ 'सी' स्क्वॉड्रनसाठी.

जखमा: गोळ्यांचे खड्डे, वेल्डिंगचे जोड, वाकलेले पत्रे. हे सगळं जुन्या फोटोंशी आणि लढाईच्या वर्णनाशी ताडून बघतात.

एका नंबरवरून किती मोठी गोष्ट उलगडते, हे ऑस्ट्रेलियाच्या सेंच्युरियनमध्ये दिसतं. नंबर १६९०४१. १५ ऑक्टोबर १९५३ रोजी हा रणगाडा अणुचाचणीच्या ठिकाणापासून ५०० यार्डांहून कमी अंतरावर, इंजिन चालू ठेवून उभा केला होता. स्फोटाने तो जरासा सरकला. इंजिन बंद पडलं ते इंधन संपलं म्हणून. दुरुस्तीनंतर तोच रणगाडा व्हिएतनाम युद्धात लढला. नंबरची नोंद सलग राहिली म्हणून आज हे ठामपणे सांगता येतं.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या बोव्हिंग्टन टँक म्युझियममधल्या जर्मन 'टायगर १३१' चं. 'फ्युरी' सिनेमात दिसतो तो हाच. १९९० मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि २००३ मध्ये तो चालू स्थितीत परत आला. तोपर्यंत सगळे मानत होते की तो २१ एप्रिल १९४३ रोजी ट्युनिशियात पकडला गेला. पण २०१२ मध्ये एका सैनिकाच्या मुलाने म्युझियममध्ये तो पाहिला आणि वडिलांनी सांगितलेल्या आठवणीशी त्याचं साम्य त्याला जाणवलं. मग जुन्या नोंदी आणि फोटो पुन्हा तपासले गेले. निष्कर्ष निघाला की तो तीन दिवसांनंतर, २४ एप्रिलला, दुसऱ्याच टेकडीवर आणि दुसऱ्याच लढाईत पकडला गेला होता. म्हणजे इंजिन चालू झाल्यानंतर नऊ वर्षांनी इतिहास दुरुस्त झाला! तोफेवरच्या आणि बुरुजावरच्या माराच्या खुणा कोणी भरून टाकल्या नव्हत्या, हे इथे विसरू नका.

भारतातल्या नोंदी कुठे मिळतात?

- शौर्य पुरस्कारांची सरकारी वेबसाइट: परमवीर चक्रापासूनच्या पुरस्कारांची माहिती. लढाईची तारीख, जागा आणि रेजिमेंट इथून पक्की होते.
- अभिलेख पटल: राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल. स्वातंत्र्यापूर्वीच्या लष्करी कागदांसाठी उपयोगी.
- युद्धाच्या नोंदी: २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण मंजूर केलं. त्यानुसार युद्धं आणि मोहिमांच्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करायच्या आहेत.
- माणसं: त्या रेजिमेंटमधले निवृत्त सैनिक आणि त्यांची कुटुंबं. पुणे परिसरात अशी कुटुंबं भरपूर आहेत. त्यांच्या अल्बममधल्या एखाद्या फोटोत रणगाड्याचा नंबर स्पष्ट दिसू शकतो. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा, तारीख बहुतेक तिथेच लिहिलेली असते.

तुमचा फोन इथे कसा उपयोगी पडतो?

१. पुसट नंबर वाचायचा असेल तर संध्याकाळी जा. टॉर्च समोरून न मारता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. उठावाची सावली पडते आणि अक्षरं दिसतात.
२. फोटो एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग उलटे करून बघा.
३. रणगाड्याभोवती फिरत ६० ते १०० फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग यायला हवा. फोटोग्रामेट्री ॲप त्यावरून थ्रीडी मॉडेल बनवतं.
४. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दर्जा कमी होतो आणि तारखेची माहितीही निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
५. फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपवर पूर्ण विश्वास ठेवू नका. सारख्या दिसणाऱ्या रणगाड्यांमध्ये ती सहज गोंधळतात. चाकं मोजा.

चाकांवरून रणगाडा कसा ओळखायचा?

- टी-५५: ५ मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर, घुमटासारखा बुरूज.
- सेंच्युरियन: ६ चाकं जोड्यांमध्ये, बाजूला बऱ्याचदा लांब पत्रे.
- पॅटन एम-४८: ६ चाकं, कासवाच्या पाठीसारखा गोल बुरूज.
- पीटी-७६: ६ चाकं, होडीसारखी बॉडी. हा पाण्यात तरंगतो.
- एएमएक्स-१३: लहानसा, ५ चाकं, स्प्रॉकेट पुढच्या बाजूला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे रणगाडे कुठे बघता येतील?
पुण्याहून साधारण १२० किलोमीटरवर अहिल्यानगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या म्युझियममध्ये पन्नासच्या आसपास जुनी वाहनं आहेत: रोल्स-रॉइस चिलखती गाडी, मॅटिल्डा, चर्चिल, जपानी रणगाडे, पॅटन आणि आपला विजयंता. पुण्यातच बघायचं असेल तर घोरपडीचं सदर्न कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालेलं हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. तिथे मिग-२३ विमानही ठेवलेलं आहे.

कुठेही फोटो काढले तर चालतात का?
नाही. खडकी, घोरपडी, कॅम्प भागात अनेक ठिकाणी फोटोला मनाई आहे. पाटी बघा, पहारेकऱ्याला विचारा. सार्वजनिक जागेतल्या रणगाड्याचाच फोटो काढा.

आपण स्वतः रणगाडा साफ करू किंवा रंगवू शकतो का?
परवानगीशिवाय हात लावू नका. रंग खरवडून नंबर शोधणं तर अजिबात नको. पण तुम्ही नोंद करू शकता: ठिकाण, चाकांची संख्या, दिसणारे सगळे नंबर, फोटोची तारीख. पुढच्या वेळी रंगकाम निघालं, की आधी काय होतं हे सांगणारी ती एकमेव नोंद असू शकते. ज्या कॉलेजच्या किंवा पालिकेच्या ताब्यात तो रणगाडा आहे, त्यांना तिची एक प्रत रंगकाम सुरू होण्याआधीच देऊन ठेवा.